कुंडीखालचं पाणी

कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो, पाहिलाय ना? तो कुणी मुद्दाम लावत नाही. रोज पाणी घातलं जातं, पाणी उडून जातं आणि पाण्यात जे काही होतं ते काठावर बसतं. आमच्या गच्ची मंडळाचे किस्से असेच साठलेत. दर दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर नाहीतर गॅलरीत जमायचं, एकमेकांच्या झाडांना नावं ठेवायची, चहा प्यायचा आणि उठायचं, एवढाच आमचा कार्यक्रम. पण घरी आल्यावर बायको विचारते, "आज काय झालं?" आणि मग माझं तोंड अर्धा तास बंद होत नाही.

मंडळाच्या यादीत नावं बरीच आहेत, येतात चौघं. डोंबिवलीच्या कुलकर्णी मॅडम, ज्यांनी शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि ज्या अजून शाळेतच आहेत अशा आवाजात बोलतात. बाळकुमचे हिरामणदादा, ज्यांच्या शेतावर टॉवर उभा राहिला आणि जे आता त्याच टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर राहतात. दिव्याचा संदेश, तिशीतला, घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारा, कमी बोलणारा. आणि चौथा मी.

मी डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये जन्मभर पाणी तपासलं. रिटायर झालो तेव्हा लोकांनी शाल दिली आणि मी स्वतःला पेनाएवढा एक मीटर घेऊन दिला. पाण्यात बुडवला की त्यात किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा येतो. झाडाचं जेवण म्हणजे तरी काय, विरघळलेले क्षारच. कमी पडले तर झाड उपाशी, जास्त झाले तर मुळं भाजतात. तर खिशात तो मीटर असल्यामुळे मंडळात माझं नाव पडलं 'मीटरवाले'.

* * *

पहिला मीटर लागला तो कुलकर्णी मॅडमच्या गुलाबाला.

मॅडमच्या घरी कुणीही उपाशी जात नाही, गुलाबसुद्धा. सकाळी तांदळाचं धुवण, दुपारी चहाची पत्ती, केळ्याची सालं, शेंगदाण्याची पेंड, वर दुकानातलं दाणेदार खत. एवढं करून पानांच्या कडा इस्त्री लागल्यासारख्या करपलेल्या. "मी ह्याचं काही कमी केलं नाही हो," मॅडम अगदी रडकुंडीला आलेल्या. मी कुंडीत पाणी ओतलं, खालून निथळलेलं वाटीत धरलं आणि मीटर बुडवला. आकडा वर चढत चढत गेला आणि मग मीटरने हात टेकले, काही दाखवेचना.

"मॅडम, तुम्ही ह्याला रोज लग्नाचं जेवण वाढताय," मी म्हटलं. "आता कुंडी धुवायची."

धुवायची म्हणजे कुंडीच्या तिप्पट पाणी, हळूहळू, वरून ओतत राहायचं. साठलेले क्षार पाण्याबरोबर खालून निघून जातात. मी पहिली बादली ओतली. खालून काळ्या चहासारखं पाणी यायला लागलं, आणि मॅडमनी चपळाईने खाली घमेलं सरकवलं.

"हे मोरीत जाणार नाही," त्या म्हणाल्या. "माझं दोन वर्षांचं खत आहे ते."

मी म्हटलं, ते काढून टाकायला तर आपण आलोय. मॅडमना पटलं नाही. त्यांनी घमेल्यातलं पाणी बादल्यांमध्ये पातळ केलं आणि सत्यनारायणाचं तीर्थ वाटावं तसं सगळ्या बिल्डिंगच्या कुंड्यांना वाटून आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंचा मनीप्लांट कित्येक वर्षं दोन पानांवर होता. महिन्याभरात त्याने खिडकीची जाळी गाठली. त्या बाई अजून मॅडमना विचारतात, "ते औषध पुन्हा कधी काढणार?"

गुलाबालाही नवी पालवी आली आणि त्या दिवसापासून मॅडमना साक्षात्कार झाला. पानं पिवळी पडली? धुवा. कळ्या गळतात? धुवा. मावा पडलाय? आधी धुवा, मग बघू. नव्याने दीक्षा घेतलेल्या माणसाला आवरता येत नाही, त्यातून ती शिक्षिका असली तर विचारूच नका.

* * *

हिरामणदादांचा माझ्या मीटरवर पहिल्यापासून विश्वास नाही.

त्यांचं तरुणपण खाडीकाठच्या मिठागरात गेलं. चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीतून ते खाली पार्किंगकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "त्या लाल गारीच्या खाली आमचं खाजन होतं." खाजण म्हणजे खाडी अडवून केलेलं खारं शेत. दादा माती बोटावर घेतात, जिभेला लावतात आणि निकाल देतात. "कशाला पायजे मीटर, जीब हाय ना."

एकदा आम्ही पैज लावली. पाच कुंड्या, कमी खारीपासून जास्त खारीपर्यंत लावायच्या. मी वाट्या, चमचे, मीटर घेऊन बसलो. दादांनी पाच वेळा जीभ बाहेर काढली आणि चूळ भरून टाकली. दोघांचा क्रम तंतोतंत एक आला. मी जरा खट्टू झालो. एवढ्या वर्षांची नोकरी, आणि हा माणूस जिभेवर उरकतो म्हणजे काय!

मॅडमना अर्थातच राहवलं नाही. त्यांनी आपली एक कुंडी पुढे केली. दादांनी चिमूटभर माती तोंडात टाकली आणि मॅडम ओरडल्या, "दादा, थांबा, त्यात सकाळीच गोमूत्र घातलंय!"

दादांनी शांतपणे जीभ फिरवली, जरा विचार केला. म्हणाले, "गायचं नाय. म्हशीचं हाय."

मॅडमना ते भारीच लागलं. बाटलीवर गाईचं चित्र होतं. पुढच्या आठवड्यात टिटवाळ्याला ज्या तबेल्यातून बाटली आणली होती तिथे त्या जातीने चौकशीला गेल्या. तबेलेवाला मान खाली घालून हसला, एवढंच मला माहीत आहे.

त्याच दिवशी दादांनी एक गोष्ट सांगितली, ती मी तेव्हा नीट ऐकली नाही. ऐकायला हवी होती. ते म्हणाले, "आमचे खाजनान पावसाचं पानी भरून ठेवाचं न ओहोटीला उघारी खोलून सोराचं. मीठ जातं. पन मिठाच्या संगती खत बी जातं. म्हनून बापूस बोलाचा, पयले धुवाचं, मंग खाला घालाचं." उघाडी म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप. मी चहाचा घोट घेत "हो, हो" केलं.

* * *

संदेशने जास्वंदीचा फोटो दाखवला तो मॅडमच्या गच्चीवर.

"आईच्या जास्वंदीला फूल येईना. पानं पण पिवळी पडतायत," एवढंच म्हणाला. फोटोत रंगाच्या मोठ्या डब्यात लावलेली जास्वंद होती, जुनी, मनगटाएवढ्या खोडाची. पानं फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या.

"धुवा," मॅडम म्हणाल्या.

संदेशने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. मोजल्याशिवाय मान हलवायची नाही, हे मी नोकरीभर पाळलं आणि नेमका तिथे चुकलो. फोटोत मीटर बुडवता येत नाही, पण तोंड बंद ठेवता येतं.

दिव्यात पाण्याची काय रड आहे ती तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. नळाला आलं तर आलं, नाहीतर टँकर. संदेश ड्रम भरून ठेवतो आणि अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतो. त्या साठवलेल्यातले दोन ड्रम त्याने आमच्या शब्दावर जास्वंदीत ओतले. दहा दिवसांनी त्याचा मेसेज आला, 'निम्मी पानं गळली. काय करू?'

मी तो मेसेज मॅडमना वाचून दाखवला. त्यांनी फोनवरच मला दादांनाही बोलवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "आपण जाऊ."

* * *

दार संदेशच्या आईने उघडलं. नीटनेटक्या, अंबाडा घातलेल्या, हसऱ्या. माझ्या हातातला मीटर पाहून म्हणाल्या, "मीटर बघायला आलात? जिन्यात आहे, उजवीकडे." मी आत येऊन बसलो तरी मधून मधून त्या काळजीने विचारत होत्या, "बिल जास्त आलंय का हो?"

चहा होईपर्यंत त्या गॅलरीत चार वेळा गेल्या. प्रत्येक वेळी तांब्या भरून जास्वंदीला पाणी घालायचं, पदराला हात पुसायचे, आत यायचं. पाच मिनिटांनी गॅलरीकडे लक्ष गेलं की, "अगंबाई, झाडाला पाणी घालायचं राहिलंच." आणि पुन्हा तांब्या.

संदेश हळू आवाजात म्हणाला, "दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार. कधी मला ओळखते, कधी भाऊ समजून दादा म्हणते. पण सकाळी अंघोळ करून जास्वंदीचं फूल तोडायचं आणि देवघरातल्या गणपतीला वाहायचं, हे अजून सुटलेलं नाही. बाबा असताना लावलेलं झाड आहे. डॉक्टर बोलले, जी सवय शिल्लक आहे ती सांभाळा."

"मग तू हे आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही झाडाबद्दल विचारलेलं, काका."

मी आत जाणारं पाणी मोजलं आणि डब्याखालून निथळलेलं मोजलं. आकडा एकच. मातीजवळ पाण्याला देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दिवसाला दहा-बारा तांबे, वर्षभर. जे काही खत होतं ते त्या बाईंनी प्रेमाने, तांब्या तांब्याने, खाली वाहवून दिलं होतं. आणि जे थोडंफार राहिलं असेल ते आम्ही विद्वानांनी दोन ड्रम ओतून धुऊन काढलं. मॅडमचा गुलाब जास्त खाऊन आजारी होता आणि ही जास्वंद उपाशी होती. दोघांना औषध एकच दिलं आम्ही. मला फार लाज वाटली.

मॅडम उठून आईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. आईंनी विचारलं, "तुम्ही शाळेतल्या का?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "अजून शिकतेय."

* * *

जिना उतरताना मी संदेशला विचारलं, "मग फूल नसताना सकाळी काय करतोस?"

त्याने मग सगळं सांगितलं. पहिल्यांदा फूल नव्हतं तेव्हा आईने सगळी पानं उलटून पाहिली होती, मग शेजारच्या बाईंना जाऊन विचारलं होतं, "माझं फूल का नेलंत?" आणि दुपारपर्यंत देवासमोर बसून रडत होती. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत संदेश स्टेशनबाहेरच्या फुलवाल्याकडून जास्वंदीचं फूल घेऊन आला आणि काळ्या दोऱ्याने फांदीला बांधून ठेवलं. आई आली, तिने फूल तोडलं, गणपतीला वाहिलं आणि पोहे करायला घेतले. तेव्हापासून रोज.

"रोज?"

"चार महिने. आता गाठ अशी मारतो की पानाखाली दिसत पण नाही."

एकदा फुलवाल्याकडे जास्वंद नव्हती. लाल काही म्हणजे काहीच नव्हतं. संदेशने घाबरत घाबरत जास्वंदीला झेंडू बांधला. आई आली. झेंडूकडे पाहिलं, खुडला आणि आत जाता जाता म्हणाली, "आज झेंडू आलाय हं."

हे सांगताना संदेश हसला. आम्हीही हसलो. मग तो म्हणाला, "पण झाडच मेलं तर बांधू कशाला?"

* * *

आईंचं पाणी घालणं थांबवायचं, असं आम्ही एकमताने ठरवलं. शहाण्या माणसांचं एकमत झालं की समजावं, काहीतरी चुकतंय.

पहिला उपाय माझा. तांब्या लपवा. संदेशने लपवला. आई चहाच्या कपाने पाणी घालायला लागली. कप लपवले. ती वाटीने घालायला लागली. सगळी भांडी वर ठेवली, तेव्हा ती नळाखाली ओंजळ धरून गॅलरीपर्यंत चालत गेली. वाटेत सगळं सांडलं. झाडाशी पोचली तेव्हा हात नुसते ओले होते, ते तिने पानांना पुसले. संदेशने त्याच मिनिटाला तांब्या काढून दिला. म्हणाला, "काका, मला नाही बघवलं."

दुसरा उपाय मॅडमचा. त्यांनी पुठ्ठ्यावर, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात लिहिलं, 'झाडाला पाणी घातले आहे.' आणि तो पुठ्ठा खोडाला अडकवला. आई गॅलरीत आल्या. थांबल्या. खड्या आवाजात, अनुस्वारासकट वाचलं. म्हणाल्या, "अक्षर छान आहे." मग आमच्याकडे वळून, "पण कुणी घातलंय? मी तर नाही घातलं." आणि तांब्या रिकामा केला.

मॅडमनी गुपचूप पुठ्ठा काढून पिशवीत ठेवला.

हिरामणदादा इतका वेळ गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे होते. ते मॅडमकडे वळले. "तुमचं घमेलं कुठं हाय?"

"कुठलं घमेलं?"

"गुलाबाचं पानी धरलेलं ते." मग संदेशला म्हणाले, "बाला, आयेचा हात नुको थांबवू. पानी थांबव. उघारी तुझे हातान हाय."

आणि मग घमेलं आणवून त्यांनी ते करून दाखवलं. जास्वंदीचा डबा दोन विटांवर चढवला, म्हणजे मुळं पाण्यात बसायची नाहीत. खाली मॅडमचं घमेलं. आईंनी तांब्या ओतला की पाणी मातीतून निथळून घमेल्यात यायचं, आणि त्याच्याबरोबर जे काही अन्न निघालं असेल तेही. आई आत गेल्या की संदेशने घमेल्यातलं पाणी पुन्हा तांब्यात भरून जागेवर ठेवायचं. आईंनी दिवसातून बारा वेळा घालावं की वीस वेळा, पाणी तेच. बाहेर काहीच जात नाही.

लॅबमध्ये आम्ही असल्या गोष्टीला मोठमोठे आराखडे काढायचो, आणि दादांना ती दोन विटांवर सुचली.

मी एक धोका सांगितला, कारण मला काहीतरी सांगायचं होतंच. तेच पाणी फिरत राहिलं, उन्हाने आटत राहिलं, तर क्षार वाढत जाणार आणि मॅडमच्या गुलाबाची गत होणार. म्हणून दर दुसऱ्या रविवारी मी मीटर घेऊन यायचं, आकडा वर गेला की ते पाणी बदलायचं. आईंनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आता दर पंधरा दिवसांनी बिल?"

* * *

आता झाडाला 'खाला', म्हणजे खायला, घालायचं होतं, हळूहळू. त्यासाठी चांगलं मुरलेलं शेणखत हवं. ते टिटवाळ्याच्या त्या तबेल्यात मिळतं, म्हशीचं, आता कुणाचीच फसवणूक नव्हती. आणायचं कसं? दादा म्हणाले, "माझी गारी हाय."

दादांची गाडी म्हणजे त्यांच्या मुलाने हौसेने घेतलेली, आत अजून सीटवरचं प्लास्टिक न काढलेली. दोन पोती डिकीत मावली, तिसरं मॅडमच्या पायाशी. काचा उघडायची सोय नव्हती, कारण मुलाने बजावलं होतं की धूळ आत येते. कल्याणपर्यंत आम्ही नाकाने श्वास घेतला नाही. मॅडम मात्र पोत्यावर हात ठेवून समाधानाने बसल्या होत्या. "सुगंध मुरलेल्या खताचाच आहे," त्या म्हणाल्या. दादांच्या सुनेने संध्याकाळी गाडीचं दार उघडलं आणि दार बंद करून वर निघून गेली. मुलगा त्या आठवड्यात बापाशी बोलला नाही. दादा म्हणाले, "त्याचे आज्याची निम्मी जिंदगी ह्याच वासान गेली. त्याला बी जरा येऊंदे."

शेणखताचं पातळ पाणी दर आठवड्याला एक वाटी, एवढंच ठरलं. मॅडमना रोज द्यायचं होतं. मी मीटरची शपथ घातली.

* * *

पान हिरवं व्हायला वेळ लागतो. उपाशी माणसाला बाळसं यायला लागतो तेवढाच. पहिला महिना काहीच नाही. मग टोकाला पोपटी पालवी. संदेश रोज फोटो पाठवायचा आणि मॅडम रोज त्याला शेरा द्यायच्या, 'प्रगती समाधानकारक.' आणि रोज सकाळी दोरा चालूच होता.

मग एक कळी धरली. वाटाण्याएवढी, मग बोराएवढी, टोकाला लाल रेघ. आम्ही चौघांनी त्या कळीचा फोटो जितका पाहिला तितका नातवंडांचाही पाहिला नसेल. आणि ती गळली. कशाने, ते मी सांगू शकत नाही. मीटरमध्ये काही चूक नव्हती.

त्याच आठवड्यात आईंचं बिघडलं. संदेशला त्यांनी तीन दिवस ओळखलं नाही. "तुम्ही कुणाकडे आलात?" असं त्या स्वतःच्या मुलाला विचारत होत्या. तोही, "इथेच राहतो," म्हणायचा आणि पोहे वाढून घ्यायचा. आम्ही गेलो तेव्हा तो ड्रमपाशी उकिडवा बसला होता. म्हणाला, "काका, मी रोज बाजारचं फूल बांधतो. मला वाटतं, मी तिला फसवतोय. एक दिवस तरी तिला तिच्या झाडाचं फूल मिळायला पाहिजे होतं, तिला कळतंय तोवर."

लॅबवाल्याकडे अशा वेळी द्यायला काही नसतं. दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मॅडमनी घमेल्यातलं पाणी तांब्यात भरलं आणि तांब्या जागेवर ठेवला, कारण आई गॅलरीकडे निघाल्या होत्या.

* * *

त्यानंतर तीन कळ्या धरल्या. दोन गळल्या. तिसरी राहिली.

शनिवारी संदेशचा मेसेज आला, 'उद्या उघडेल बहुतेक.' रविवार मंडळाचा नव्हता, तरी आम्ही सकाळी सातच्या आत दिव्यात हजर. दादा बाळकुमहून त्याच गाडीने आले, वास अजून होता. मॅडमनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. संदेशने दार उघडलं आणि नुसतं गॅलरीकडे बोट केलं.

फूल पूर्ण उघडलं होतं. बाजारच्या फुलाहून लहान, किंचित फिकट, एक पाकळी जरा दुमडलेली. पण होतं ते त्या झाडाचं. फांदीतूनच आलेलं. संदेशने त्या दिवशी दोऱ्याचं रीळ कपाटातच ठेवलं होतं.

आम्ही चौघं भिंतीला चिकटून उभे राहिलो. आई आंघोळ करून आल्या, हातात परडी. आम्हाला पाहून हसल्या. मला म्हणाल्या, "आज रविवारी पण मीटर?" मी म्हटलं, "हो, सहज आलो."

त्या झाडापाशी गेल्या. फूल पाहिलं. हात पुढे केला आणि आधी दोन बोटांनी देठ चाचपला, पानाखाली, नेमका जिथे रोज गाठ असते तिथे. मग फांदीच्या मागून चाचपला. मग खाली वाकून पाहिलं. त्यांनी फूल हळूच खुडलं, परडीत ठेवलं आणि वळल्या. तीन दिवस काय, तीन आठवडे त्यांनी मुलाला नावाने हाक मारली नव्हती.

"संदेश," त्या म्हणाल्या, "आज दोरा बांधायला विसरलास?"